चांदाच्या मागच्या अंगाला

चांदाच्या मागच्या अंगाला काय असते, ते गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं. बाजार भरते तिथं. कळमनुरीला भरते तसाच, बैलांचा येगळा, भाजीचा येगळा. फकस्त तिथं तराजूचं काम न्हाई. दोन्ही पारडे वरच तरंगत राहतात, म्हून गिऱ्हाईक आन माळीण दिवसभर भांडतात आन शेवटी कंटाळून अंदाजानं देऊन टाकतात. कोंबडीनं अंडं दिलं तर ते खाली पडत न्हाई. पोरं ओढणीच्या झोळीत त्याला पकडून आणतात.

मानसं चांदावर उतरली, ती बातमी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर येऊन पाच-सहा सालं झाली होती. तवापासून गोजरबाईचा हा बाजार दरसाल थोडा थोडा वाढत गेला. कोणी म्हणलं, अवो पण उतरलेल्या मानसांनी तर बाजाराचं काहीच सांगितलं न्हाई, तर ती म्हणायची, "ते पुढच्या अंगाला उतरले. मागं जायला भेले."

हे सगळं ती सांगायची खळ्यावर. सिद्धेश्वरच्या धरणाअलीकडं त्यांचं गाव, घरची चार एकर जमीन, आन ज्वारी निघाली की खळं पडायचं. बाया कणसं मोडायला बसल्या की गोजरबाईचं तोंड सुरू. ते सुरू झालं की बायांचे हात थांबायचे. कणसं तशीच मांडीवर, तोंडं उघडी, आन मधातच कोणीतरी विचारायचं, "मग?"

त्या 'मग'साठीच गोजरबाई जगत होती म्हणा ना. पण तिची थोरली जाऊ नर्मदाबाई हिला तोच 'मग' ऐकला की कपाळ उठायचं. खळं तिच्या हातात होतं. मागच्या साली बाजारात तराजू तरंगत राहिला आन इकडं निम्मी रास तशीच पडून राहिली. वरून वारं सुटलं तर उपणायला कोणी उठंना. तवाच नर्मदाबाईनं मनात धरलं होतं, औंदा हिचं तोंड बंद करायचं.

त्याचा योग आला औंढ्याच्या शिवरातीच्या जत्रेत.

सकाळी दर्शन झालं. दोघी जावा आन गाडीवाला कोंडीबा असे तिघं जत्रेत हिंडून राहिले होते. कोंडीबा शेजारचाच, गाडी त्याची, बैलं त्याचे, आन आपल्याला रस्ता कधी चुकत न्हाई हा त्याचा लई मोठा तोरा. बांगड्यांच्या दुकानांपल्याड त्यांना एक काळी कनात दिसली. बिनखिडकीची. बाहेर एक मानूस लोखंडी टिपाडावर उभा राहून ओरडत होता, "चांदावर चला, चांदावर. जाणं सोपं हाये, येणं अवघड हाये."

तो वसराम. तांड्यावरचा. आधी फिरत्या टाकीजच्या तंबूत मशीन चालवायचा, ते टाकीज बुडालं तसं यानं आपल्या डोक्यानं हा खेळ बनवला.

गोजरबाई थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "चांदाच्या मागं काय हाये तुमच्या?"

"ते आपलं आपण जाऊन बघायचं, याडी." तांड्यावर आईला याडी म्हणतात, तसा तो सगळ्याच बायांना याडी म्हणत होता. "आजवर कोणी बघून सांगितलं न्हाई. जाते तो मागं अडकते."

कोंडीबानं धोतर खोचलं. "मी जातो. मला अंधारात गाडी हाकायची सवय हाये."

आन गेला. बाहेर त्याचा आवाज ऐकू येत होता, आधी बैलाला घालतो तशी हाळी, मग शिवी, मग कायतरी पत्र्यावर आपटलं. मग लई वेळ काहीच न्हाई. शेवटी वसरामनं कनातीचं टोक वर केलं आन कोंडीबा कपाळ चोळत बाहेर आला.

"काय हाये मागं?" दोघींनी एकदमच विचारलं.

"अंधार."

"अजून?"

"अजून अंधार. चाकं कशात तरी गुतले, मग काही हालंना."

नर्मदाबाई गोजरबाईकडं वळली. तिच्या तोंडावर असं हसू होतं जसं मांजरीला दुधाचं झाकण उघडं सापडलं. "बाजार न्हाई म्हणते हा."

"अंधारात त्याला काय दिसलं असंल, बाई."

"मग तू जाय. जाय आन बघून ये. बाजार असला तर औंदा खळ्यावर तुला वाटंल ते बोल, मी चकार शब्द काढनार न्हाई. नसला, नाहीतर तूच मागं अडकून बसलीस, तर खळ्यावर तोंड उघडायचं न्हाई. पुरं खळं. मुकाट कणसं मोडायची."

"आन बायांनी विचारलं तर?"

"तर म्हणायचं, मला काही माहीत न्हाई."

हे वाक्य गोजरबाईनं जन्मात कधी म्हणलं नव्हतं. खळं आठवड्यावर आलेलं. पण कनातीच्या आत काय असंल, ते बघायची खाज त्याहून मोठी होती. ती म्हणाली, "बरं."

आत एवढा अंधार की डोळा मिटला काय आन उघडला काय. वसरामनं काडी ओढली तवा तिला जहाज दिसलं. जहाज म्हणजे ज्वारी भरायची पत्र्याची कोठी, आडवी पाडून चार चाकांवर बसवलेली. पुढं खिडकी कापलेली, आत सायकलीचे पायडल आन भंगारातल्या लॉरीचं गोल चाक.

"हे बघा याडी," वसरामनं बाजूला बोट दाखवलं. तिथं निळीनं रंगवलेला एक रांजण होता, त्याच्यावर लाल कंदील, आन खाली टांगलेली घंटा. "ही पृथ्वी. हा तुमच्या घरचा दिवा. याच्यावरून आपण कुठं हाओत ते कळते. चांदाला फेरा घालायचा, परत इथं यायचं आन ही घंटा आपल्या हातानं वाजवायची. आजवर ती वाजली न्हाई."

"आन थांबायचं कसं? बैलाला कासरा असते."

"वर हवा न्हाई, घासायला काही न्हाई. सुटलं ते सुटलं. चाकांना इतकं वंगण घातलंय मी, की एकदा पळालं तर पळतच जाते. थांबायचं असंल तर लई आधीपासून उलटं पायडल मारायचं. तिथं पोचल्यावर मारलं तर उशीर झाला."

"मंजी डोकं आधी थांबवायचं, मंग पाय."

"बराबर."

"आन ते मडकं कशाचं?" कनातीच्या दांडीला एक मडकं टांगलं होतं, बुडातून थेंब थेंब गळत होतं.

"ती तुमची हवा. पाणी सरलं की हवा सरली. मग मी कनात उघडतो."

तेवढ्यात अंधाराच्या मधोमध एक मोठ्ठा पांढरा गोळा उजळला. भिंतीइतका उंच. चुना फासलेली कणगी असावी, आतून दिवा लावलेला. गोजरबाई बघतच राहिली, कारण तो चांद हळूहळू डावीकडं सरकून राहिला होता.

"हा तर चालून राहिला."

"चांद एका जागी ऱ्हाते का कधी?"

"चालवते कोण?"

"यंत्र."

गोजरबाईनं कान दिला. त्या अंधारात, चांदाच्या पल्याड, कायतरी खुळखुळत होतं. "तुमच्या यंत्रानं बांगड्या भरल्यात का?"

वसरामला एकदम खोकला आला. त्यानं तिला कोठीत बसवलं, पदर चाकात जाऊ नये म्हून कमरेला खोचायला लावला, आन मागून हलका धक्का दिला.

जहाज सुटलं. पायडल मारायची गरजच पडली न्हाई, ते आपलं निघालंच. खिडकीतून चांदण्या दिसू लागल्या. पत्र्याच्या टिकल्या दोऱ्यांना टांगलेल्या, उजेड लागला की चमकायच्या. गोजरबाईनं चांदाकडं नाक केलं आन जोरात पाय मारले. जवळ आली तर चांद तिथं नव्हताच. तो डाव्या अंगाला गेलेला. ती कनातीच्या कापडावर जाऊन धडकली, आन तिच्यामागं कुठंतरी मडकं गळत राहिलं, टप, टप.

आता ही कोंडीबाच्याच वाटेनं चालली होती. तिनं पाय थांबवले. वासरू दावं तोडून पळते तवा त्याच्या शेपटीमागं कोणी धावत न्हाई. ते जिथं जाणार, तिथं आडवं जाऊन उभं राहायचं असते. हा चांद म्हणजे एक वासरूच. पण त्याच्या आधी तिनं दुसरं एक काम केलं. सगळं जहाज तिनं उलटं फिरवलं आन घराकडं तोंड करून बघितलं. सरपणाला रानात शिरणारी बाई घडीघडी मागं वळून बघते, कारण जाताना दिसते ती वाट आन येताना दिसते ती वाट, दोन्ही येगळ्या असतात. लाल दिवा दिसला. त्याच्या वर तीन टिकल्या चुलीच्या दगडांसारख्या बसल्या होत्या. जरा अलीकडं एक वाकडी ओळ, विळ्यासारखी. चूल घराजवळ, विळा रानाजवळ. हे तिनं मनात बांधून ठेवलं आन परत चांदाकडं वळली.

या खेपेला तिनं चांदावर नजर धरली न्हाई, त्याच्या पुढच्या काळ्या जागेवर धरली. हळू, हळू. आन चांद आपणहून येऊन तिच्या खिडकीत बसला. इतका जवळ की चुन्याचे पोपडे दिसत होते, एका जाग्यावर कोणाचा तरी पंजा उमटलेला. तिला वाटलं हात बाहेर काढून त्याच्यावर हात ठेवावा. ठेवला पण. कोमट होता.

त्याच्या कडेकडेनं ती मागच्या अंगाला शिरली. घरचा दिवा चांदाच्या आड गेला. चूल गेली, विळा गेला. चांदाचं मागचं अंग लिपलेलंच नव्हतं, नुसतं काळं. तिनं डोळे ताणून बघितलं. इथं कुठंतरी बाजार पायजे होता.

तेवढ्यात तिला जमिनीवर एक पांढरी रेघ दिसली. चांदाच्या बुडातून निघालेली आन आडवी अंधारात गेलेली. चुन्यानं माखलेली दोरी होती ती. पण गोजरबाईला दोरी दिसलीच न्हाई. तिला दिसली महादेवाची पन्हाळ.

सकाळीच तर तिनं बेल वाहिला होता. महादेवाला पुरा फेरा घालत न्हाईत, त्याच्या अभिषेकाचं पाणी जिथून वाहते ती पन्हाळ वलांडायची न्हाई. तिथवर जायचं, माघारी फिरायचं, आन दुसऱ्या अंगानं परत तिथवर यायचं. हे लहान लेकराला पण ठाऊक. आन चांद कोणाच्या डोक्यावरचा? महादेवाच्याच ना? मग ही त्याचीच पन्हाळ. तिनं दोन्ही पायांनी उलटं पायडल मारायला सुरुवात केली. जहाज कुरकुरलं, सरकलं, आन रेघेच्या ऐन तोंडाशी येऊन थांबलं.

"पुढं काहून येऊन नाही राहिल्या?" अंधारातून आवाज आला.

गोजरबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दोरीच्या दुसऱ्या टोकाला, पोत्यावर फतकल मारून, एक बाई बसली होती. घागऱ्यावर आरशे, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. दोरीचा पीळ पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेला, पाय ओढला की चांद सरकायचा. आन हात मोकळे होते, म्हून ती लसूण सोलत होती.

"वलांडू कशी, माय," गोजरबाई म्हणाली, "महादेवाचा हाये."

ती बाई हसली. आरशे हालले तसे चार-सहा नव्या चांदण्या उगवल्या. "सगळे इथवर येतात, दोरीवर चाकं घालतात आन गुततात. मग मी अंगावर काळी चादर घेऊन गप बसते, माझा मालक येईस्तोवर. थांबणाऱ्या तुमी पहिल्या."

"वसराम तुमचे मालक?"

"व्हय. मी चंदाबाई."

"दिवसभर तुमीच ओढता चांद?"

"मी न्हाई ओढला तर कोण ओढंल?"

गोजरबाईला इतकं काही विचारायचं होतं. जेवता कधी, पाय मुरगळत न्हाई का, चांद थांबला कधी, चांदाच्या मागून जत्रा कशी ऐकू येते. पण मडकं गळत होतं. चंदाबाईनंच कान देऊन सांगितलं, "पाणी लई राहिलं न्हाई. आल्या तशा फिरा."

"फिरते. पण त्या अंगानं येऊन जाते. अर्धाच फेरा झाला."

ती आल्या वाटेनं उलटी गेली, चांदाला पुढून वळसा घातला आन दुसऱ्या अंगानं शिरून त्याच दोरीच्या पल्याडच्या कडेला येऊन थांबली. चंदाबाई पोत्यावरच बूड फिरवून तिच्याकडं तोंड करून बसली होती. "आल्या?"

या अंगाला चांदाला ठिगळ होतं, खताच्या पोत्याचं. त्याच्याखाली भाकरीचं गाठोडं टांगलेलं. बाजार नव्हता. गोजरबाईनं नीट बघून घेतलं, कुठंच नव्हता.

"घ्या," म्हणून चंदाबाईनं लसणाच्या दोन-चार पाकळ्या खिडकीतून तिच्या हातावर ठेवल्या. "चांदावर आल्या, रिकाम्या हातानं कशा जाता."

"बाहेर सांगू का तुमचं?"

"सांगा की. कोण खरं मानंल?"

चांदाच्या आडून बाहेर पडल्याबरोबर गोजरबाईनं आधी विळा धुंडला. सापडला. विळ्याच्या पल्याड चूल, चुलीखाली लाल दिवा. या खेपेला तिनं निम्म्या वाटेतच उलटे पाय मारायला घेतले आन जहाज रांजणाला इतकं हळू टेकलं जसं गाय गव्हाणीला टेकते. मडक्यातून शेवटचा थेंब पडायच्या बेतात होता. तिनं हात काढला आन घंटा वाजवली.

वसरामची मान खाली. "फेरा पुरा झाला न्हाई, याडी. दोन अर्धे झाले."

"महादेवाला विचारा," गोजरबाई म्हणाली.

बाहेर उजेडात तिचे डोळे दिपले. घंटा ऐकून मानसं जमली होती. कोंडीबा कपाळावरचा हात काढून बघत होता. नर्मदाबाई समोर येऊन उभी राहिली.

"बाजार?"

आता खरं सांगायचं तर गोजरबाईच्या जिभेवर बाजार तयार होता. तिच्यासंगं आत दुसरं कोणी गेलं नव्हतं, बघणारी ती एकलीच. म्हणली असती, व्हय, भरला होता, आज अंडे महाग होते, तर नर्मदाबाईला हार मानावी लागली असती आन खळं गोजरबाईचं. तिनं तोंड उघडलं पण.

पण त्या बाजाराचं तिला सगळंच ठाऊक होतं. कोण कुठं बसते, कोण कोणाशी भांडते. त्यात विचारायचं काही उरलंच नव्हतं. आन आत ती बाई पायाच्या अंगठ्यानं चांद ओढत होती, तिचं निम्मं पण हिला कळलं नव्हतं.

"बाजार न्हाई तिथं," गोजरबाई म्हणाली. "एक बाई बसलेली हाये. तीच ओढते चांदाला. लसूण सोलून राहिली होती. वर तिच्या भाकरीचं गाठोडं टांगलेलं."

मानसं पोट धरून हसली. वसराम पण हसला, सगळ्यांहून मोठ्यानं. नर्मदाबाईनं मान हालवली. "बघा. बाजार न्हाई म्हणली ना तोंडानं? झालं तर मग. आन हारली ती हारली, वरून नवी थाप. लसूण म्हणे."

"थाप न्हाई, बाई."

"खळ्यावर मुकाट बसायचं. ठरलंय."

"ठरलंय," गोजरबाई म्हणाली.

दुपार कलली तशी गाडी जुंपली. जत्रेचा गलबला मागं पडला. एरवी या वाटेनं गोजरबाईचं तोंड गावच्या येशीपर्यंत चालायचं. आज ती गाडीच्या मागच्या कडेला पाय सोडून बसली होती आन मागं पळणारी वाट बघत होती. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजत होते. कोंडीबा एकदा खाकरला. परत खाकरला. वाट काही सरंना.

"लांब वाटते आज," तो म्हणाला.

नर्मदाबाईनं मागं वळून गोजरबाईकडं बघितलं.

तिनं विचारलं, "कोणत्या पायानं ओढायची ती?"

"मला बोलायचं न्हाई, बाई."

"ते खळ्यावर. हे खळं हाये का?"

"उजव्या."

गाडी एक खड्डा उतरली, चढली. नर्मदाबाईनं पदर सावरला. "पाय दुखत नसंल का तिचा?"

"ते विचारायचं राहिलं."

"काहून राहिलं? एवढी वर गेलीस आन हेच विचारलं न्हाई?"

"हवा सरत आली होती."

गोजरबाईनं कमरेची चंची सोडली आन लसणाच्या पाकळ्या तिच्या हातावर ठेवल्या. नर्मदाबाईनं एक पाकळी नाकाशी नेली, उलटी केली, नखानं टोकरून बघितली.

"हा तर आपल्याच इकडला लसूण हाये."

"मग. चांदावर काय येगळा येते?"

नर्मदाबाईनं त्या पाकळ्या परत दिल्या न्हाईत. आपल्या पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ मारली, आन गाठीवर हात ठेवून बसली. धरणाचं पाणी दूर चकाकायला लागलं होतं. तिथून गाव काही फार लांब नव्हतं.

"तिच्या भाकरीचं गाठोडं म्हणलीस," ती म्हणाली, "मंजी तिची चूल पण तिथंच कुठंतरी असंल."

"असंल."

"दिसली न्हाई तुला?"

गोजरबाईनं मान फिरवून तिच्याकडं बघितलं. चूल तिनं बघितली होती, टिकल्यांची, तीन दगडांची. घराच्या दिव्यावर टांगलेली. ती कोणाची चूल, हे काही तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आता चूल म्हणता, तर," ती म्हणाली, आन पाय वर घेऊन नीट मांडी घालून बसली.

"मग?" नर्मदाबाई म्हणाली.

पुढं कोंडीबानं कासरा आवळला. बैलं चालत होते त्याच्या निम्म्या चालीवर आले.